हात न लावण्याची नोकरी

माझ्या ताईच्या नवऱ्याला आमच्या वसाहतीत कुणी नावाने ओळखत नाही. तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठ फिरली की 'पन्नास'. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, वयाची काहीतरी भानगड असेल. तसं नाही. भावोजी कोळशाच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमच्या डेस्कवर बसतात आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो, तो पन्नासच असावा लागतो. विजेची धडधड सेकंदाला पन्नास. लोकांनी जास्त वीज ओढली की ती मंदावते, कमी ओढली की उधळते. म्हणून तिकडे मागणी वाढली की इकडे निर्मिती वाढवायची, तिकडे उतरली की इकडे उतरवायची. हातात तराजू धरून उभं राहावं तसं हे काम. फरक एवढाच, की समोर गिऱ्हाईक दिसत नाही आणि तराजू खाली ठेवून चहाला जाता येत नाही.

इतकी वर्षं हे केल्यावर ते अंगात मुरणारच. ताईचा आवाज चढला की भावोजींचा आपोआप उतरतो. ताई गप्प झाली की हे बोलायला लागतात, विषय असो की नसो. एकदा ताईचं आणि माझं कशावरून तरी वाजलं आणि आम्ही दोघी तोंड फिरवून जेवायला बसलो, तर त्या माणसाने पूर्ण जेवण होईपर्यंत एकट्याने भांड्यांच्या साबणावर भाषण केलं. कुणाकडे समारंभाला गेले की हे आत जात नाहीत. दाराशी उभे राहून किती आत गेले, किती बाहेर आले, हेच बघत राहतात. ताई म्हणते, "माझं लग्न माणसाशी झालंय की लंबकाशी, हे अजून ठरायचंय."

आमच्या वसाहतीचंही थोडं सांगायला हवं. केंद्रातल्या माणसांना घरची वीज फुकट. त्यामुळे दिवा ही वस्तू एकदा लावायची आणि गेला की बदलायची, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. जिन्यातले दिवे भर दुपारी चालू. एसी चालू आणि खिडक्या उघड्या, कारण गारवाही हवा आणि मोकळी हवाही हवी. गावाला जाताना पंखे चालू ठेवून जाणारी घरं मी पाहिली आहेत. परत आल्यावर बरं वाटतं, असं कारण सांगायचे. उलट एखाद्या घरात अंधार दिसला की शेजारी काळजीने दार वाजवायचे, कारण अंधार म्हणजे कुणीतरी आजारी, नाहीतर कुणीतरी गेलेलं.

अशा या वसाहतीत सरकारचं नवं ऊर्जा धोरण आलं. सभागृहात सगळ्यांना बोलावून ऊर्जा खात्याच्या एका मॅडमनी समजावून सांगितलं. तरुण होत्या, बोलणं स्वच्छ, पायात चालायचे बूट. देश 'निव्वळ शून्या'कडे निघाला आहे, म्हणाल्या. म्हणजे हवेत जेवढा धूर सोडायचा, तेवढाच झाडांनी आणि यंत्रांनी परत ओढून घ्यायचा, वजाबाकी शून्य आली पाहिजे. ती येण्यासाठी आधी मोठी धुराडी थंड करायची. मोठ्या धुराड्यांच्या यादीत आमचं बरंच वर होतं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं केंद्र कशात तरी पुढे आलं, असं मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं आणि सभा थोडी हसली. पुढच्या वर्षी केंद्र बंद, हे मॅडमनी त्यानंतर सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

केंद्राची राख टाकतात त्या तळ्याच्या मोकळ्या जागेवर सौर पट्ट्या लागणार होत्या, शेजारी बॅटऱ्यांची रांग, आणि तिथे एक नवी, छोटी कंट्रोल रूम. काहींची बदली, काहींना दुसरं काम शिकवणार, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती. आमचे 'हे' भांडारात आहेत, त्यांना धक्का लागला नाही. नट-बोल्ट सूर्यालाही लागतात. नव्या कंट्रोल रूममध्ये मात्र जुन्या डेस्कवरचा एकच माणूस घेणार होते. भावोजींच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

दुसऱ्या दिवशी ताईने मला जिन्यात गाठलं. हातात भाजीची पिशवी, चेहरा पाहण्यासारखा. तिला आठवत होते ते भावोजींच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हाचे दिवस. ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते आणि तिची शेगडी चालवत होते. हा बर्नर जरा खाली घे, आता तो वर घे, दोन्ही एकदम नको. कुकरची शिट्टी झाली की घड्याळात बघून मान हलवायचे. ताई म्हणाली, "प्लास्टर तरी निघतं गं. निवृत्ती निघत नाही."

भावोजी आमच्याकडे येऊन बसले, पंख्याकडे बघत राहिले, आणि निघताना आमच्या ह्यांना एवढंच म्हणाले, की ज्या खोलीत काटा नाही, तिथे माणसाने दिवसभर बघायचं कुठे. ह्यांनी त्यांना बिस्किटं दिली.

वसाहतीचं मत वेगळंच होतं. ही नोकरी बॉयलरवाल्यांनाच मिळणार, असं सगळे म्हणत. बॉयलरवाले म्हणजे भावोजींचे जुने सहकारी. बॉयलरचं काम करता करता दहा वर्षांपूर्वी डेस्कवर आले, पण नाव तेच राहिलं. जाडजूड, शांत गृहस्थ. कुठल्याही खुर्चीत, कुठल्याही गोंगाटात, डोळे अर्धे उघडे ठेवून झोपू शकतात. नवीन कंट्रोल रूममध्ये म्हणे सगळं यंत्रच करतं. मग असा माणूस शोधून सापडायचा नाही.

त्यात मॅडमनी एक योजना काढली. वसाहतीत एक नमुन्याचं घर करायचं. छपरावर सौर पट्ट्या, गॅस बंद, सगळं विजेवर. महिन्याच्या शेवटी छपराने दिलेली वीज आणि घराने वापरलेली वीज, वजाबाकी शून्य. डेस्कवरच्या माणसांपैकी ज्याला स्वतःचं घर असं चालवून दाखवायचं असेल, त्याने पुढे यावं, नवी पद्धत कुणाला समजते ते त्यावरून कळेल. भावोजी मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत उभे राहिले. बॉयलरवाले बसूनच राहिले. त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं, ते तेव्हा झोपेत होते.

घर तयार करायला मॅडम स्वतः आल्या. छतावर पट्ट्या बसल्या, ताईचा गॅस गेला, विजेची शेगडी आली, आणि निम्मी भांडी तिच्यावर तापत नाहीत असं निघाल्यावर ती भांडी माळ्यावर गेली. घरातल्या बोळात, आरशाच्या शेजारी, एक छोटा पडदा लागला. त्यावर एकच आकडा. छपराची वीज घरात पुरून उरत असेल तर आकड्यामागे अधिक, बाहेरून घ्यावी लागत असेल तर उणे. मॅडमनी पुन्हा एकदा समजावलं, की शेवटी शून्य यायला हवं.

"कळलं," भावोजी म्हणाले. "निर्मिती बरोबर मागणी. तेच तर करत आलोय."

मॅडमना फार बरं वाटलं. ताईलाही.

भावोजींनी साठलेली सगळी रजा काढली. पहिल्या सकाळी ऊन वर आलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशात बघता बघता शेजारच्या पडद्याकडे लक्ष गेलं. आकडा अधिक होता आणि वाढत होता. निर्मिती चालू आणि मागणी नाही. डेस्कवर असं दिसणं म्हणजे काय असतं, ते मला नंतर त्यांनी सांगितलं: गाडी उतारावर लागलीये आणि ड्रायव्हर उतरून गेलाय. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते धावले आणि इस्त्री लावली. आकडा थोडा खाली आला. मग गिझर लावला. मग वॉशिंग मशीन, त्यात जे हाताला लागलं ते घालून. आकडा हेलकावे खात शून्यावर आला तेव्हा त्यांनी उरलेल्या गालाची दाढी केली.

ताई आंघोळ करून बसली होती, तिला पुन्हा आंघोळीला पाठवलं.

तासाभरात मला फोन. तुझ्याकडचे मळके कपडे घेऊन ये, लवकर ये, ऊन वाढतंय. मी गेले. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. बॉयलरवाल्यांच्या पत्नी दळायचं-वाटायचं सगळं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे मिक्सर लावला की हे जागे होतात, त्यापेक्षा इथे बरं. त्या महिन्यात माझं वॉशिंग मशीन मी एकदाही लावलं नाही. दुपारी ताईच्या घरी जायचं, कपडे भावोजींच्या स्वाधीन करायचे आणि गप्पा मारत बसायचं. भावोजी प्रत्येकीच्या कपड्यांकडे वजन म्हणून बघत. चादरी आणल्या की त्यांचा चेहरा खुलायचा.

हे झालं उन्हाचं. खरी कसोटी ढगांची होती. सूर्यावर ढग आला की छपराची वीज एकदम बसते, आणि घरात तोवर इस्त्री, मशीन, मिक्सर सगळं घुमत असतं. पडद्यावरचा आकडा धाडकन उणे. पहिल्या दोन दिवसांत भावोजींची इतकी धावपळ झाली की त्यांनी एक उपाय काढला. ताईच्या सासूबाईंना बाल्कनीत खुर्ची दिली, डोक्याला टोपी दिली, आणि ढगांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. गेली कित्येक वर्षं त्यांना घरात कुणी काही सांगत नव्हतं, सगळे फक्त विचारत होते: काही हवं का, दुखतंय का, झोप लागली का. आता त्यांना ड्यूटी मिळाली. सकाळी सगळ्यांच्या आधी आवरून त्या खुर्चीत बसू लागल्या. चहा हातात घ्यायच्या पण नजर आकाशावरून काढायच्या नाहीत. त्यांनी ढगांच्या जाती पाडल्या. पिंजलेला, जाड, आणि नुसताच जाणारा. पिंजलेल्याला इस्त्री बंद करायची, जाड असला तर मशीनसकट सगळं, नुसत्या जाणाऱ्याला काही नाही. "जाड," असं बाल्कनीतून आलं की भावोजी एका हाताने मिक्सर आणि दुसऱ्या हाताने शेगडी बंद करायचे.

त्यामुळे जेवण ढगांवर अवलंबून राहिलं. एकदा भात चार हप्त्यांत शिजला. वरून मऊ, मध्ये खडे, खाली पुन्हा मऊ. सूपमध्ये टोमॅटोचे तुकडे तसेच राहिले, कारण ते वाटताना एक जाड ढग आला आणि तो गेल्यावर मिक्सरचं काम दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं. ताईने एक दिवस केक करायला घेतला, हे तिचं धाडस. तो मध्येच बसला. भावोजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, अगदी आलेखासारखा दिसतोय.

फ्रीज मात्र त्यांना हार गेला नाही. तो मनाला येईल तेव्हा गुरगुरायला लागायचा, मनाला येईल तेव्हा गप्प. भावोजींनी त्याला नियम लावून पाहिले, त्याचं बटण फिरवून पाहिलं, एकदा रागावूनही पाहिलं. शेवटी कंट्रोल रूममधल्या एखाद्या जुन्या, ऐकत नसलेल्या हाताखालच्या माणसाला जसं सांभाळून घेतात, तसं त्यांनी त्याला सांभाळून घेतलं. फ्रीज सुरू झाला की उठून पंखा बंद करायचा. तो थांबला की पंखा चालू.

संध्याकाळी ऊन गेलं की निर्मिती शून्य, म्हणून मागणी शून्य. उजेड असतानाच जेवणं उरकायची आणि मग सगळे अंधारात बसायचे. फ्रीजपुरती वीज बाहेरून घ्यावी लागे, त्याची भावोजींना लाज वाटे. आजूबाजूची सगळी वसाहत लग्नघरासारखी उजळलेली आणि मधोमध नमुन्याचं घर काळंकुट्ट. पहिल्या आठवड्यात चार शेजाऱ्यांनी दार वाजवून हळू आवाजात विचारलं, कोण गेलं. सासूबाईंनी दार उघडून सांगितलं, अजून कुणी नाही.

ताईने हे सगळं सोसलं. मी तिला विचारलं, तर ती बोट दाखवून म्हणाली, हे महिनाभर, आणि मग हा माणूस रोज आठ तास घराबाहेर. त्या आठ तासांसाठी ती चादरी दुसऱ्यांदा वाळत घालत होती.

महिना संपला त्या दुपारी मॅडम आल्या. मी तिथेच होते, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाआड. मॅडमनी टेबलावर लॅपटॉप उघडला, त्या घराचा महिन्याभराचा आलेख काढला, आणि बघतच राहिल्या. बाकी घरांचे आलेख मी नंतर पाहिले आहेत, दुपारी डोंगर, संध्याकाळी दरी. हा आलेख म्हणजे सरळ रेघ, शून्यावरून गेलेली. कुठे किंचित दात, तो फ्रीज.

"मीटर बिघडलंय," मॅडम म्हणाल्या.

"नाही," भावोजी म्हणाले. "मी होतो."

त्या आवाजात जो अभिमान होता तो मी त्यांच्या लग्नातही ऐकला नव्हता. मॅडमनी मग दोन-तीन प्रश्न विचारले. इस्त्री का, चादरी कुणाच्या, बाल्कनीतल्या आजी टोपी घालून काय करतायत. उत्तरं ऐकता ऐकता त्यांचा हात हळूहळू कपाळाकडे जात होता. शेवटी त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, वजाबाकी महिन्याची करायची होती. क्षणाक्षणाची नव्हे. दुपारी उरलेली वीज बाहेर जाऊ द्यायची, तेवढीच संध्याकाळी परत घ्यायची. दिवे लावायचे होते तुम्ही."

ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात डाव होता. ती काही बोलली नाही, आणि या वेळी ती गप्प बसली तरी भावोजीही बोलले नाहीत. इतकी वर्षं त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मॅडमनी आणखी एक आकडा काढला. त्या महिन्यात सगळ्या वसाहतीत सर्वांत जास्त वीज या नमुन्याच्या घराने वापरली होती. खिडक्या उघड्या ठेवून एसी लावणाऱ्यांपेक्षाही जास्त. फ्रीजचं किरकोळ सोडलं तर वजाबाकी शून्य आहे, त्यामुळे अट पुरी झाली असं म्हणावं लागेल, मॅडम म्हणाल्या, पण हे घर लोकांना दाखवायला आणता येणार नाही.

"आणि नोकरी?" ताईने विचारलं.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. खरं सांगते काकू, म्हणाल्या. नव्या खोलीत ऊन जास्त झालं की बॅटरी स्वतः भरून घेते, ढग आला की स्वतः देते. ती माणसापेक्षा वेगाने करते आणि मध्येच कुणी हात घातला तर गोंधळते. तिथे माणूस हवा तो शंभरातून एकदा यंत्र चुकेल तेव्हासाठी. बाकी सगळा वेळ बघायचं आणि हात लावायचा नाही. दोनच माणसं उरली आहेत. एक झोपतील अशी मला भीती वाटते. आणि काका हात लावतील.

भावोजी म्हणाले, मी नाही लावणार.

मॅडमनी टेबलावरून सरळ पडद्याकडे बोट केलं. "मग बसा त्याच्यासमोर. माझं अहवालाचं काम चहापर्यंत चालेल. तोवर घर जसं चालेल तसं चालू दे. तुम्ही उठायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही, झोपायचं नाही."

बोळात खुर्ची ठेवली. भावोजी बसले. ताईने मुद्दाम, त्यांच्या देखत, वॉशिंग मशीन सोडून सगळं बंद केलं आणि आत गेली. आकडा अधिक झाला. वाढू लागला. फुकट, विनाकारण, डोळ्यांसमोरून वीज बाहेर चालली होती. भावोजींनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, पण खरं सांगायचं तर एकच शर्ट परत परत.

एक गोष्ट सगळेच विसरलो होतो. सासूबाईंना ड्यूटी संपल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

"जाड," बाल्कनीतून आवाज आला. "मोठा आहे. सगळं बंद करा."

भावोजींचा उजवा गुडघा उडाला. मशीन पिळण्यावर होतं, घरघरत होतं. आकडा सरसर उतरला, शून्याखाली गेला, उणे. भावोजींच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. ते खुर्चीतून बोटभर उठले. स्वयंपाकघरातून ताईने एकच शब्द टाकला, "बसा." ते बसले. पण असे बसले की आता पुन्हा उठणार हे नक्की.

"ऐकू येतंय का रे?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय उगीच बसलेय इथे?"

भावोजींच्या कपाळावर घाम. समोर उणे, मागे आईची हाक, आणि हात लावायचा नाही. त्यांनी मॅडमकडे न बघता विचारलं, "ही तूट आत्ता कोण भरतंय?" बोलायला बंदी नव्हती, फक्त सांगायला होती.

मॅडमनी मान वर केली. "कोण म्हणजे? तुमचं केंद्र. अजून चालू आहे ना."

"पाळीला कोण आहे?"

मॅडमनी लॅपटॉपवर पाहून सांगितलं. बॉयलरवाले होते.

भावोजी मग म्हणाले, आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हते, "म्हणजे आहे कुणीतरी."

मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. पाळी संपवून घरी आल्यावरही त्यांना कायम असंच वाटत असणार, की आपण उठलो आणि तराजू कुणीच धरलेला नाही. इतकी वर्षं हा माणूस घरी आलेलाच नव्हता. आता त्यांच्या डोळ्यांसमोर बॉयलरवाले आले असावेत, खुर्चीत ऐसपैस, डोळे अर्धे उघडे. झोपेतसुद्धा आकडा जरा हलला तर त्यांचा हात बरोबर जागी जातो, हे भावोजींनी कितीदा पाहिलं होतं. ताईच्या मशीनची घरघर तिकडे पोचली असेल, त्यांनी झोपेत बोट फिरवलं असेल, झालं.

भावोजींनी मांड्यांखालचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. पाठ टेकली. ढग गेला, आकडा अधिक झाला, तो त्यांनी पाहिला. पुन्हा उणे झाला, तोही पाहिला. खांदे उतरले. इतके उतरलेले खांदे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. मग मान जरा एका बाजूला झुकली.

मी घाबरून ताईकडे पाहिलं. आता उलटंच संकट. मॅडम लॅपटॉपमध्ये मान घालून होत्या. भावोजींचा श्वास लांब व्हायला लागला होता. ताईने आजूबाजूला पाहिलं, मोठ्यात मोठं पातेलं उचललं, आणि फरशीवर सोडून दिलं.

आवाज बाल्कनीपर्यंत गेला. सासूबाई म्हणाल्या, हे ढगाचं नाही. भावोजी ताठ झाले. मॅडमनी वर पाहिलं तेव्हा ते डोळे टक्क उघडे ठेवून पडद्याकडे बघत होते, हात मांडीवर.

"हातातून निसटलं," ताई म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, असू दे. चहा झाला, तोवर भावोजी उठले नाहीत. मॅडमनी जाताना बाल्कनीत जाऊन सासूबाईंना विचारलं, उद्या आकाश कसं राहील. पिंजलेलं, त्या म्हणाल्या. मॅडमनी ते टिपून घेतलं, आणि कशासाठी, हे काही सांगितलं नाही.

नोकरी भावोजींना मिळाली. बॉयलरवाल्यांनी खुशीने लवकर निवृत्ती घेतली, त्यांना तर कुठेही झोप लागते. केंद्र बंद झालं त्या दिवशी शेवटचं जनित्र भावोजींनीच उतरवलं, हळूहळू, एकही हिसका न देता. घरी आल्यावर दोन दिवस फक्त पाणी पीत राहिले. मग नव्या खोलीत रुजू झाले.

त्या पहिल्या संध्याकाळी मी ताईकडेच होते. घरात दिवे लागलेले, शेगडीवर भाजी सलग शिजत होती. भावोजी दारातून आत आले ते भिंतीला धरून. कोळशाच्या केंद्रात दुहेरी पाळी करून आले तरी चेहरा असा नसे. शर्ट पाठीला चिकटलेला, बोटं आखडलेली. खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

ताई घाबरली. पाणी देत विचारलं, काय झालं, काय करायला लावलं इतकं?

"काही नाही," भावोजी म्हणाले. "आठ तास. एकदाही नाही."

ताईने त्यांच्या आखडलेल्या हातावर हात ठेवला. जेवायला वाढू का, तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, आणि डोळे न उघडता म्हणाले, आधी जरा इस्त्री दे, काहीतरी करू दे.